विद्यार्थ्यांना संविधान शिकविताना

२६ नोव्हेंबर आला की विहारात, शाळेत, मंडळाच्या सभागृहात संविधानाच्या उद्देशिकेचे सामुदायिक वाचन होते. लहान लहान मुले ती तोंडपाठ म्हणतात आणि पालकांचे ऊर भरून येते. ज्या समाजाला शेकडो वर्षे अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्या समाजाची मुले देशाचा सर्वोच्च कायदा खणखणीत आवाजात वाचतात, याचे मोल आपल्याला वेगळे सांगावयास नको. परंतु पाठांतर म्हणजे आकलन नव्हे. उद्देशिका पाठ असलेल्या मुलाला, "तुझ्या वस्तीत नळाला पाणी येत नाही, तर तू कोणाकडे जाशील?" असे विचारले की ते गप्प बसते. पुष्कळदा त्याचे वडीलही गप्प बसतात. संविधान आपल्या ओठांवर आहे, पण ते हाताशी आलेले नाही. ते हाताशी कसे यावे, याविषयी काही विचार या लेखात मांडीत आहे.

एका मुलीचा प्रश्न

नोकरीतून निवृत्त झाल्यानंतर काही वर्षे मी विहारात रविवारचा वर्ग घेत आहे. पाचवीपासून बारावीपर्यंतची मुले-मुली येतात. एका रविवारी मूलभूत हक्कांवर बोलत होतो. फळ्यावर लिहिले : 'कलम १७ - अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे.' नववीतली एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, अस्पृश्यता नष्ट झाली असेल, तर माझ्या दादाला आडनाव ऐकल्यावर खोली का नाकारली? आधी तर हो म्हणाले होते."

मी उत्तर दिले, "बाळ, कायदा बदलला, पण काही लोकांची मने अजून बदललेली नाहीत." वर्ग पुढे गेला. घरी आल्यावर मात्र ते उत्तर मलाच टोचू लागले. ते खोटे नव्हते, पण अपुरे होते. मन बदलण्याची वाट पाहा, एवढेच जर आपण मुलांना सांगणार असू, तर संविधान शिकवायचे कशासाठी? त्या मुलीला प्रवचन नको होते. जे घडले ते कायद्याच्या विरुद्ध आहे काय, असल्यास कोणत्या कायद्याच्या, आणि त्याची दाद कोठे मागायची, हे तिला हवे होते. माझ्या मते नागरिकशास्त्राचे सगळे सार या तीन प्रश्नांत आहे. कलमांचे क्रमांक नंतर येतात.

चवदार तळे : शासनाची तीन अंगे

कायदेमंडळ कायदे करते, कार्यकारी मंडळ ते अमलात आणते आणि न्यायमंडळ न्यायनिवाडा करते, हे वाक्य प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. मुले ते परीक्षेपुरते लक्षात ठेवतात. पुढच्या रविवारी मी ते वाक्य बाजूला ठेवले आणि महाडच्या चवदार तळ्याची हकीकत सांगितली. ही हकीकत आपल्या मुलांना भाषणांतून माहीत असते, परंतु ती बहुधा २० मार्च १९२७ ला सुरू होते आणि त्याच दिवशी संपते. खरे पाहता ती चौदा वर्षांची हकीकत आहे, आणि शासनाची तिन्ही अंगे तिच्यात एकामागून एक येतात.

आरंभ कायदेमंडळात झाला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेली किंवा सरकारने नेमलेल्या संस्थांच्या ताब्यातील पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने यांचा वापर अस्पृश्य वर्गास करू द्यावा, असा त्याचा आशय होता. येथे मुलांना एक बारकावा सांगावा. ठराव म्हणजे कायदा नव्हे. ठराव शिफारस करतो. तो मोडणाऱ्यास शिक्षा होत नाही. म्हणूनच १९२६ साली बोले यांना पुन्हा उभे राहून, ठरावाची अंमलबजावणी न करणाऱ्या नगरपालिकांचे अनुदान रोखावे अशी मागणी करावी लागली.

पुढची पायरी कार्यकारी यंत्रणेची. महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, पाण्याला मात्र कोणी हात लावू शकत नव्हते. हुकूम निघाला होता, पण त्याच्यामागे उभे राहणारे कोणी नव्हते. मार्च १९२७ मध्ये महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक शिस्तीने तळ्यावर गेले, पाणी प्याले. म्हणजे बाबासाहेबांनी त्या दिवशी नियम मोडला नाही. विधिमंडळाने आणि नगरपालिकेने जे आधीच मान्य केले होते, त्याचा प्रत्यक्ष वापर केला. हे मुलांच्या मनावर ठसविले पाहिजे. त्यानंतर परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले आणि ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. ज्या सभेने दार उघडले, तिनेच ते पुन्हा लावले. दिलेला हक्क साध्या बहुमताने काढून घेता येत असेल, तर त्याला हक्क म्हणावे काय? हा प्रश्न मी वर्गात विचारला. एका मुलाने उत्तर दिले, "नाही सर, ती मेहेरबानी झाली." मोठी माणसेही इतके नेमके बोलत नाहीत.

तिसरी पायरी न्यायालयाची. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला दुसरी परिषद भरण्याच्या थोडेच आधी काही सवर्ण गृहस्थांनी न्यायालयात दावा लावला. तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांनी त्याचे पाणी घेऊ नये अशी फार जुनी वहिवाट आहे, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. परिषदेसाठी हजारो लोक जमलेले, सत्याग्रहाला सिद्ध झालेले. बाबासाहेबांनी २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन घडवून आणले, परंतु तळ्याच्या बाबतीत न्यायालयाचा हुकूम मानला. लोकांची समजूत घालून सत्याग्रह पुढे ढकलला. मिरवणूक तळ्याभोवती फिरून पाण्याला हात न लावता परतली. ज्या हुकुमाने आपले पाणी अडले, तो हुकूम पाळून बाबासाहेब तोच हुकूम रद्द करून घेण्यासाठी न्यायालयात उभे राहिले. १९३१ साली महाडच्या न्यायालयात निकाल आपल्या बाजूने लागला. १९३३ साली प्रतिपक्षाचे अपील फेटाळले गेले. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, अशी अनादी काळापासूनची वहिवाट सिद्ध झालेली नाही असे ठरवून, निर्णय कायम केला.

१९२३ ते १९३७. एका ओंजळभर पाण्यासाठी विधिमंडळ झाले, नगरपालिका झाली, सत्याग्रह झाला आणि तीन पायऱ्यांची न्यायालये झाली. ही हकीकत फळ्यावर तारखांसह मांडली की कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायमंडळ यांचा अर्थ वेगळा समजवावा लागत नाही.

तळ्यापासून कलमापर्यंत

यानंतर मुलांच्या हाती संविधानाची मराठी प्रत द्यावी आणि कलम १५ चा दुसरा खंड काढावयास सांगावा. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले व करमणुकीची ठिकाणे येथील प्रवेशाबाबत, आणि संपूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या पैशातून राखलेल्या अथवा जनतेच्या वापरासाठी दिलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट व रस्ते यांच्या वापराबाबत, केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कोणत्याही नागरिकावर बंधन घालता येणार नाही, असे तेथे सांगितले आहे. बोले यांचा ठराव आणि हा खंड शेजारी शेजारी ठेवून मुलांना विचारावे, "साम्य काय दिसते?" मुले लगेच म्हणतात, "सर, यात तळे आहे!" सार्वजनिक पैसा आणि विहीर यांचा उल्लेख दोन्हीकडे आहे. फरक एवढाच की १९२३ साली ती शिफारस होती आणि २६ जानेवारी १९५० पासून तो मूलभूत हक्क झाला. नगरपालिकेच्या साध्या ठरावाने तो आता काढून घेता येत नाही. कलम १३ प्रमाणे मूलभूत हक्कांशी विसंगत असा कायदा तेवढ्यापुरता शून्य ठरतो.

कलम १७ ही याच वाटेने आले. अस्पृश्यता नष्ट करणारी तरतूद संविधान सभेने २९ नोव्हेंबर १९४८ रोजी स्वीकारली. त्यात केवळ 'नष्ट केली' एवढेच शब्द नाहीत. अस्पृश्यतेतून उद्भवणारी कोणतीही निःसमर्थता लादणे हा कायद्याने शिक्षापात्र अपराध आहे, असेही त्यात म्हटले आहे. मात्र संविधान स्वतः शिक्षा ठरवीत नाही. त्यासाठी संसदेला कायदा करावा लागतो. १९५५ साली अस्पृश्यता अपराध कायदा झाला. १९७६ साली त्यात सुधारणा होऊन त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा असे झाले. पुढे १९८९ साली अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती अत्याचार प्रतिबंध कायदा आला आणि २०१५ साली तो सुधारून अधिक विस्तृत करण्यात आला. कलम म्हणजे झाडाचे खोड, कायदे म्हणजे फांद्या, आणि त्याखालचे नियम म्हणजे पाने, असे चित्र काढून दाखविले तर पाचवीच्या मुलालाही ते समजते.

समता म्हणजे सरसकट सारखेपणा नव्हे

समतेच्या हक्काचा धडा आला की वर्गात एक प्रश्न हमखास येतो. कलम १४ सर्वांना कायद्यापुढे समान मानते, तर मग आरक्षण कशासाठी? हा प्रश्न आपल्या मुलांना महाविद्यालयात, वसतिगृहात, नोकरीच्या ठिकाणी टोमण्याच्या स्वरूपात ऐकावा लागतो. उत्तर ठाऊक नसले की मूल मान खाली घालते. म्हणून हे उत्तर लहानपणीच शिकविले पाहिजे.

मी वर्गातलेच उदाहरण घेतो. ज्याला लांबचे दिसत नाही त्याला आपण पुढच्या बाकावर बसवितो. त्याला गुण जास्त देत नाही, त्याचा पेपर सोपा करीत नाही. फळा सर्वांना दिसावा एवढीच व्यवस्था करतो. त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही. समान माणसांना समान वागणूक आणि असमान परिस्थितीत असलेल्यांना बरोबरीला येण्यासाठी विशेष तरतूद, ही समतेचीच दोन रूपे आहेत. संविधानात दोन्ही आहेत. कलम १५(३) स्त्रिया व बालके यांच्यासाठी आणि कलम १६(४) मागासवर्गीयांना नोकऱ्यांत पुरेसे प्रतिनिधित्व मिळावे यासाठी विशेष तरतुदीला परवानगी देते.

कलम १५(४) चा जन्म कसा झाला, हेही मोठ्या मुलांना जरूर सांगावे. मद्रास सरकारचा, महाविद्यालयीन प्रवेशाच्या जागा जातवार वाटून देणारा हुकूम १९५१ साली चंपकम दोराईराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविला. त्याच वर्षी संसदेने पहिली घटनादुरुस्ती करून कलम १५(४) घातले आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गांसाठी विशेष तरतुदीचा मार्ग मोकळा केला. कार्यकारी मंडळाने हुकूम काढला, न्यायालयाने तो तपासला आणि संसदेने संविधानात भर घातली. महाडच्या हकीकतीतील तीन अंगे येथे पुन्हा भेटतात. संसदेच्या या अधिकारालाही मर्यादा आहे. संविधानाची मूलभूत चौकट संसदेला मोडता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या तेरा न्यायाधीशांच्या पीठाने १९७३ साली केशवानंद भारती खटल्यात बहुमताने ठरविले.

आपल्या समाजाच्या अगदी जवळचे उदाहरण १९९० चे आहे. १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मिळत नव्हत्या, कारण १९५० च्या आदेशात हिंदू धर्माची अट होती. शीख धर्मीयांचा त्यात १९५६ साली समावेश झाला. बौद्धांच्या समावेशासाठी १९९० साल उजाडावे लागले. आपल्या आईवडिलांनी किंवा आजोबांनी मोर्चे काढले, निवेदने दिली, ते सगळे एका आदेशातील काही शब्द बदलण्यासाठी होते. एका शब्दाने पिढीचे शिक्षण अडते आणि एका शब्दाने ते मोकळे होते, हे ज्या मुलाला समजले, त्याला कायद्याची भाषा रुक्ष वाटणार नाही.

हक्क आणि दाद

ज्या हक्कामागे दाद मागण्याची सोय नाही, तो हक्क भिंतीवरच्या तसबिरीसारखा असतो. म्हणूनच संविधान सभेत ९ डिसेंबर १९४८ रोजी बोलताना बाबासाहेबांनी, मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा अधिकार देणाऱ्या कलमाला संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटले. आजचे ते कलम ३२. उच्च न्यायालयात हीच दाद कलम २२६ खाली मागता येते.

परंतु प्रत्येक गाऱ्हाणे घेऊन मुंबई-दिल्लीला जायचे नसते. मुलांना पायऱ्या समजावून द्याव्यात. प्रथम लेखी अर्ज आणि त्याची पोच. नंतर वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील. माहिती दडवून ठेवली जात असेल तर २००५ चा माहितीचा अधिकार कायदा. त्याखाली साधारणतः तीस दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. आपल्या राज्यात अर्जाला दहा रुपये शुल्क आहे, आणि दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तेही नाही. वकील परवडत नसेल तर कलम ३९क आणि १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया आणि बालके यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. ही सोय तालुक्याच्या न्यायालयातच असते. पण कित्येक सुशिक्षित कुटुंबांनाही तिची माहिती नसते.

आमच्या वर्गातील एका मुलाची शिष्यवृत्ती दोन वर्षे अडली होती. वडील मजुरी करणारे. कचेरीत जात, 'पुढच्या महिन्यात या' ऐकून परत येत. वर्गातील मुलांनी मिळून माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिला : प्रस्ताव कोणत्या तारखेला आला, सध्या कोणाकडे आहे, त्यावर काय शेरा आहे. वडिलांनी सही केली. उत्तर आले, त्यात बँक खात्याचा एक आकडा चुकल्याचे दिसले. तो दुरुस्त झाला आणि पैसे जमा झाले. कोणाशी भांडावे लागले नाही. त्या दिवशी त्या मुलांना 'शासन' या शब्दाचा जो अर्थ कळला, तो माझ्या दहा व्याख्यानांनी कळला नसता.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४ मध्ये, अस्पृश्यतेच्या कारणावरून ज्या निःसमर्थता लादणे हा गुन्हा आहे त्यांची यादी आहे. त्या यादीत कोणत्याही वस्तीत राहते घर बांधणे, मिळविणे किंवा त्यात राहणे यांचाही उल्लेख आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि शंभर ते पाचशे रुपये दंड. याच कायद्याचे कलम १२ असे सांगते की, या कायद्याखालील अपराध ठरणारी कृती अनुसूचित जातीच्या व्यक्तीच्या बाबतीत घडली असेल, तर ती अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडली असे न्यायालय गृहीत धरील. तसे नव्हते हे समोरच्याने सिद्ध करावयाचे. म्हणजे तिच्या दादावर जे गुदरले, त्याला कायद्यात जागा आहे. अर्थात, आधी होकार होता आणि आडनाव ऐकल्यावर नकार आला, ही घटना तर पुराव्याने दाखवावीच लागेल. साक्षीदार कोण, संदेश किंवा चिठ्ठी आहे काय, तारीख कोणती, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे लागते. घरमालक "नातेवाइकाला खोली दिली" असे म्हणू शकतो. वाट सोपी नाही, हेही मुलांपासून लपवू नये.

पुढच्या रविवारी मी हे सगळे वर्गात सांगितले. मागच्या वेळी दिलेले उत्तर अपुरे होते, हेही कबूल केले. ती मुलगी बराच वेळ वहीत लिहीत राहिली. तिच्या भावाने तक्रार केली नाही. तोपर्यंत त्याला दुसरीकडे खोली मिळाली होती आणि त्याची परीक्षा जवळ आली होती. तो निर्णय त्याचा. परंतु तक्रार न करणे आणि तक्रार करता येते हेच ठाऊक नसणे, यांत फार अंतर आहे.

कसे शिकवावे?

अनुभवातून काही सूचना कराव्याशा वाटतात. पालकांना आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांना त्या उपयोगी पडतील.

दहा-अकरा वर्षांपर्यंतच्या मुलांना कलमे सांगू नयेत, नियम सांगावेत. वर्गाचा नियम कोणी केला, तो सर्वांना लागू आहे का, मोडला तर काय, चुकीचा असेल तर बदलायचा कसा, हे खेळातून शिकवावे. वर्गप्रमुखाची निवड गुप्त मतदानाने करावी. चिठ्ठ्या मुलांनीच मोजाव्यात. हरलेल्याने जिंकलेल्याचे अभिनंदन करावे.

बारा ते चौदा वर्षांच्या मुलांना आपल्या वस्तीचा तक्ता करावयास सांगावा. नळ, रस्त्यावरचा दिवा, गटार, रेशन दुकान, दवाखाना, एसटी, शाळा यांपैकी प्रत्येकापुढे कोण जबाबदार ते लिहावे : ग्रामपंचायत की नगरपालिका, जिल्हा परिषद, राज्य की केंद्र. १९९२ च्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीने पंचायती व नगरपालिकांना संविधानात स्थान मिळाले, अनुसूचित जाती-जमातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात आणि स्त्रियांसाठी किमान एक-तृतीयांश जागा राखून ठेवल्या गेल्या, हे या तक्त्यातूनच पुढे येते. महाराष्ट्रात स्त्रियांसाठी हे प्रमाण २०११ पासून निम्मे आहे. मुलांना एकदा ग्रामसभेला किंवा वॉर्डातील सभेला नेऊन मागे बसवावे.

पंधरा वर्षांपुढील मुलांकडून महाडचा दावा वर्गात उभा करावा. काहींनी वादी व्हावे, काहींनी प्रतिवादी, तिघांनी न्यायाधीश. वादीची बाजू आपल्याच मुलांनी मांडावी. सुरुवातीला ती नकार देतात. पण विरुद्ध बाजूचा युक्तिवाद स्वतः मांडल्याखेरीज त्याचे उत्तर सापडत नाही. न्यायालयाचे कामकाज सामान्यतः उघड्यावर चालते; तालुक्याच्या न्यायालयात शांतपणे बसून ते पाहता येते. अठराव्या वर्षी मत देता येते, हे १९८९ पासून आहे. त्याआधी ते वय एकवीस होते. सतरा वर्षांच्या मुलाला मतदार नोंदणीचा अर्ज कसा भरायचा, हे याच वर्गात शिकवावे.

आणखी एक. संविधान दिलेली वचनेही किती उशिरा पाळली जातात, ते मुलांपासून लपवू नये. दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्य करील, असे मूळ कलम ४५ मध्ये लिहिले होते. म्हणजे १९६० पर्यंत. ते मार्गदर्शक तत्त्व होते. त्यासाठी न्यायालयात जाता येत नव्हते. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने कलम २१क आले आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण मूलभूत हक्क झाले. प्रत्यक्ष कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी १८८२ साली केली होती. मुलांनी हे अंतर स्वतः मोजावे.

आधी आपल्या वर्गात, आपल्या घरात

शेवटी एक कबुली. आमच्या वर्गाच्या शेवटी मुली सतरंज्या झटकीत, झाडू मारीत, आणि मुले चपला घालून बाहेर क्रिकेट खेळत. कित्येक महिने हे मलाही दिसले नाही. समतेवर फळाभर लिहून मी त्याच खोलीत विषमता चालू दिली होती. एक दिवस सहावीतल्या मुलीने वहीतले कलम १५ दाखवून विचारले, "सर, यात लिंग असे लिहिले आहे. मग झाडू आम्हीच का?" त्या दिवसापासून पाळ्या लावल्या. मुलांनी थोडी कुरकुर केली, मग सवय झाली.

कोणी म्हणेल, कलम १५ राज्याला आणि सार्वजनिक स्थळांना लागू आहे, आपल्या घराला किंवा वर्गाला नव्हे. कायद्याच्या भाषेत ते बरोबर आहे. परंतु ज्या घरात मुलाला दूध आणि मुलीला चहा मिळतो, पोटजात विचारून सोयरीक जुळविली जाते, त्या घरातील मुले बाहेर समता मागायला कोणत्या तोंडाने जातील? बंधुता हा शब्द उद्देशिकेत स्वातंत्र्य आणि समता यांच्या बरोबरीने आहे, आणि बंधुता कोणतेही न्यायालय हुकूम काढून देऊ शकत नाही. ती घरातच शिकावी लागते.

म्हणून समाजबांधवांना आणि भगिनींना विनंती आहे. संविधानाची एक मराठी प्रत घरात असू द्या. तिला हार घाला, पण ती उघडूनही वाचा. मुलाने प्रश्न विचारला तर त्याला गप्प बसवू नका. उत्तर ठाऊक नसेल तर दोघे मिळून शोधा. विद्यार्थी मित्रहो, साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळे बसविलेल्या आणि शिपाई नसला म्हणजे दिवसभर तहानलेल्या राहणाऱ्या एका मुलाने पुढे या देशाच्या संविधानाचा मसुदा तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद भूषविले. त्याने तुमच्यासाठी पाण्याची वाट मोकळी केली. ती वाट कोठून जाते, कोणत्या वळणावर अडते आणि अडली तर कोणता दरवाजा ठोठवायचा, हे माहीत करून घेणे आता तुमच्याकडे आहे. पुढच्या रविवारी वहीपेन्सिल घेऊन या. प्रश्नही घेऊन या.